व्हिजिटिंग कार्डे भरपूर, विचारायला कोणी नाही: चाकणच्या एका कम्युनिकेशन मॅनेजरचे प्रकरण

कंपनी ओळखता येऊ नये म्हणून काही तपशील आणि आकडे बदलले आहेत. निर्णयांचा क्रम तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

वाहनांचे सुटे भाग बनवणारी, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. चाकणला दोन प्लांट, रांजणगावला एक. मिळून सुमारे २,६०० माणसे, त्यातली निम्म्याहून थोडी कमी कंत्राटी. कम्युनिकेशन विभाग म्हणजे एक मॅनेजर आणि बाहेरचा अर्धवेळ डिझायनर. मॅनेजर बाई मराठी पत्रकारितेतून आलेल्या, कंपनीत त्यांचे नववे वर्ष.

कामाचा मोठा भाग गृहपत्रिकेचा, म्हणजे कंपनीने आपल्याच माणसांसाठी काढलेल्या नियतकालिकाचा. त्रैमासिक, २४ पाने, आर्ट पेपर, मध्ये पिना मारलेली बांधणी, मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी. प्रत्येक अंकाच्या ३,००० प्रती, छपाई प्रतीला ५५ रुपये. वर्षाची छपाई ६ लाख ६० हजार. डिझाइन, फोटो आणि भाषांतर धरून खर्च ९ लाखांच्या आसपास. याशिवाय नोटीस बोर्ड, सुरक्षा सप्ताह, दसऱ्याची पूजा, ग्राहकांच्या भेटी आणि एमडींची भाषणे. एकट्या माणसाच्या संवाद विभागात असते तसेच: जे कोणाचेच नाही ते यांचे.

अडचण

तीन गोष्टी एकाच तिमाहीत आल्या. बजेटच्या बैठकीत एमडींनी विचारले, “नऊ लाख जातात, वाचतं कोण?” उत्तरादाखल मॅनेजर बाईंकडे छापलेल्या प्रतींचा आकडा होता, वाचकांचा नव्हता. त्याच सुमारास नव्या एचआर प्रमुखांनी कम्युनिकेशन विभाग एचआरखाली आणण्याचा प्रस्ताव ठेवला.

तिसरी गोष्ट बसची. भोसरी-मोशीकडून येणाऱ्या कंपनीच्या बसचा मार्ग बदलला. सूचना नोटीस बोर्डावर लागली, ईमेल गेली, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली. तरी पहिल्या रात्री तिसऱ्या पाळीची बरीच माणसे जुन्याच थांब्यावर उभी राहिली आणि एक लाइन उशिरा सुरू झाली. चूक शोधायला बसल्यावर कारण लगेच सापडले. ईमेल फक्त स्टाफला होती. ग्रुप सुपरवायझरांचा होता, तिथली सूचना पुढे सांगायची की नाही हे कोणी ठरवलेलेच नव्हते. आणि बोर्ड कँटीनच्या ज्या दाराजवळ होता, त्या दाराने तिसरी पाळी जातच नाही.

आपल्यासारख्याच दुसऱ्या प्लांटमध्ये रात्रपाळीपर्यंत सूचना कशी पोहोचते, हे विचारायला मॅनेजर बाईंनी ओळखींची यादी काढली. नऊ वर्षांतल्या परिषदा, प्रदर्शने आणि पुरस्कार समारंभांतून जमलेली तीनशेहून जास्त कार्डे होती. बहुतेक एजन्सीवाल्यांची, छापखान्यांची, गिफ्टच्या वस्तू विकणाऱ्यांची आणि पत्रकारांची, म्हणजे ज्यांना यांच्याकडून काही हवे होते त्यांची. हेच काम दुसऱ्या कारखान्यात करणारी माणसे दहासुद्धा निघाली नाहीत, आणि त्यातल्या एकालाही सहज फोन करावा इतकी ओळख नव्हती.

समोरचे पर्याय

हातात वर्षाचे ६०,००० रुपये प्रशिक्षण बजेट आणि कामाचे सहा दिवस. पर्याय कागदावर मांडले ते असे.

मोठी राष्ट्रीय परिषद. दोन दिवस आणि प्रवासासह निम्म्याहून जास्त बजेट. व्यासपीठावर बँका, आयटी आणि ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपन्या. कारखान्यातल्या रात्रपाळीवर सत्र क्वचितच. हा पर्याय लवकर गळला.

संस्थेचे सभासदत्व. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ पासून आहे, पुण्यात तिची शाखा आहे, आणि २१ एप्रिलच्या राष्ट्रीय जनसंपर्क दिनाच्या निमित्ताने कार्यक्रम होतात. मुंबईची असोसिएशन ऑफ बिझनेस कम्युनिकेटर्स ऑफ इंडिया गृहपत्रिकांना पुरस्कार देते. बाहेरची म्हणाल तर इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ बिझनेस कम्युनिकेटर्स, म्हणजे आयएबीसी. १९७० साली औद्योगिक संपादकांच्या दोन अमेरिकी संघटना एकत्र येऊन ती झाली, म्हणजे मुळातच गृहपत्रिका काढणाऱ्यांची. सभासदत्वाने दार उघडते हे खरे, पण आत जाऊन कोणाशी काय बोलायचे हे आधी ठरलेले नसेल तर वर्षाअखेरीस हाती नूतनीकरणाची पावती राहते.

प्रमाणपत्र. आयएबीसीशी जोडलेली परिषद दोन पातळ्यांवर परीक्षा घेते: कम्युनिकेशन मॅनेजमेंट प्रोफेशनल आणि त्यावरची स्ट्रॅटेजिक पातळी. शुल्क डॉलरमध्ये. बायोडेटावर वजन पडते, विशेषतः बहुराष्ट्रीय कंपनीत.

स्वतःचा छोटा गट. पुणे परिसरातल्या कारखान्यांत हेच काम करणारे सहा-सात जण, महिन्यातून एकदा. खर्च जवळपास शून्य, पण जमवायचे कसे आणि टिकवायचे कसे, हा प्रश्न.

आणि नोकरी बदलणे. तोही पर्याय यादीत लिहिलेला होता, आणि लिहिलेला असणे योग्यच होते.

पहिला निर्णय: परीक्षा पुढे, पण तिचा आराखडा आधी

प्रमाणपत्राचा अर्ज जवळजवळ भरून झाला होता. थांबण्याचे कारण एका साध्या तपासणीत मिळाले. आयएबीसीच्या जागतिक मानकात सहा तत्त्वे आहेत: नैतिकता, सातत्य, संदर्भ, विश्लेषण, धोरण आणि सहभाग. मॅनेजर बाईंनी प्रत्येकासमोर गेल्या दोन वर्षांतला एक तरी कागद ठेवायचा ठरवले. ईमेल चालेल, अहवाल चालेल, बैठकीची टिपणे चालतील. “मला हे येतं” चालणार नाही.

सातत्यासमोर ढीग लागला. संदर्भ आणि सहभाग यांसमोर चार-पाच कागद आले. नैतिकतेसमोर एक चांगला कागद निघाला: एका कामगाराच्या अपघाताची बातमी त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय न छापण्याचा निर्णय. विश्लेषण आणि धोरण, दोन्ही रकाने कोरे. एमडींच्या प्रश्नाला उत्तर का नव्हते, ते या दोन कोऱ्या रकान्यांत दिसत होते.

परीक्षेचा अभ्यास करून विश्लेषणाची व्याख्या लिहिता आली असती, नऊ लाखांचे उत्तर आले नसते. म्हणून अर्ज वर्षभर पुढे ढकलला आणि आधी मोजायला सुरुवात केली. या प्रकरणातला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी निर्णय.

मोजणी अशी झाली. तिन्ही प्लांटमधून प्रत्येकी ३०, म्हणजे ९० कामगार, तिन्ही पाळ्यांतून समान. प्रश्न चारच: शेवटचा अंक हातात आला का? त्यातले काय आठवते? कँटीनमध्ये कूपनऐवजी कार्ड सुरू होणार हे आदल्या दिवसापर्यंत कळले होते का? कोणाकडून कळले? पहिला प्रयत्न वाया गेला. तो पहिल्या पाळीच्या जेवणाच्या वेळी, एचआरच्या माणसाला बरोबर घेऊन झाला होता, आणि सगळ्यांनी “अंक छान असतो” असे सांगितले. दुसऱ्यांदा प्रश्न आयटीआयच्या अप्रेंटिसांनी विचारले, प्रत्येक पाळीत, अगदी रात्री साडेअकरालासुद्धा, लाइनच्या शेजारी उभे राहून. या वेळी ९० पैकी ३१ जणांना कार्डाबद्दल आधी माहीत होते. त्यातल्या बहुतेकांना सुपरवायझरने पाळीच्या सुरुवातीच्या उभ्या बैठकीत सांगितले होते. गृहपत्रिकेतून कळल्याचे कोणीच म्हटले नाही. पण अंकात कोणाचे फोटो होते ते बऱ्याच जणांना बरोबर आठवत होते.

या शेवटच्या नोंदीकडे बरेच संपादक दुर्लक्ष करतात. पत्रिका सूचना पोहोचवत नव्हती, माणसांची दखल घेत होती. काम वेगळे, म्हणून मापही वेगळे हवे.

दुसरा निर्णय: माणसे कशी शोधली

लिंक्डइनवर चाळीस संदेश गेले. मजकूर नेहमीचा: “आपण एकाच क्षेत्रात आहोत, जोडले जाऊया.” सहा जणांनी विनंती स्वीकारली, बोलले कोणी नाही. मग मजकूर बदलला:

“नमस्कार. मी चाकणच्या एका प्लांटमध्ये अंतर्गत संवादाचं काम बघते. तिसऱ्या पाळीपर्यंत सूचना पोहोचत नाहीत, ही आमची अडचण आहे. तुमच्याकडे पाळी सुरू होताना सुपरवायझर काय सांगतो, हे कोण ठरवतं? दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का? आम्ही ९० जणांना विचारून काढलेली प्रश्नावली मी बदल्यात पाठवते.”

फरक तीन ठिकाणी आहे. अडचण आधी सांगितली आहे, त्यामुळे समोरच्याला परीक्षा दिल्यासारखे वाटत नाही. प्रश्न एकच आहे आणि त्याचे उत्तर त्या माणसाला तोंडपाठ असते. आणि बदल्यात काहीतरी तयार वस्तू आहे. असे पंधरा संदेश गेले, नऊ फोन झाले.

दुसरा मार्ग लिंक्डइनपेक्षा जुना: छापखाना. पुण्यात गृहपत्रिका छापणारे छापखाने मोजके, आणि तिथल्या माणसाला कुठल्या कंपनीत प्रूफ कोण तपासते हे नेमके ठाऊक असते. छापखानेवाल्यांनी तीन नावे दिली, तीही “मॅडम, यांचा अंकही नेहमी उशिराच येतो” या शिफारशीसह. गटात शेवटपर्यंत टिकलेल्यांपैकी दोघे याच वाटेने आले.

सात जण जमले. पहिली अडचण वाराची. पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, पुण्यातल्या मुख्य कार्यालयांना रविवारी. गुरुवारी सकाळी ठेवले तर कार्यालयवाले कामावर; संध्याकाळी ठेवले तर नाशिक फाट्याच्या वाहतुकीत सगळेच अडकलेले. शेवटी महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी साडेनऊ ते अकरा, भोसरीतल्या एका हॉटेलचा छोटा हॉल, आणि कार्यालयवाल्या दोघांनी तेवढा वेळ प्रशिक्षणात दाखवायचा, असे ठरले. चहा-नाश्त्याचे बिल समान वाटून.

बैठकीची रीत पहिल्याच दिवशी लिहून काढली. एका वेळी एकाचेच प्रकरण, एका पानात: अडचण, काय केले, काय अडले, गटाकडून काय हवे. पंधरा मिनिटे मांडणी, पंचवीस मिनिटे फक्त प्रश्न, सल्ला त्यानंतर. एजन्सी आणि विक्रेत्यांना प्रवेश नाही. ऐकलेले वापरा, पण कोणी आणि कुठल्या कंपनीने सांगितले ते बाहेर न्यायचे नाही. चॅटम हाउसचा नियम म्हणतात तोच. प्रश्नांची पंचवीस मिनिटे पाळणे सर्वांत अवघड गेले. आपल्याकडे अडचण ऐकली की पाचव्या मिनिटाला उपाय सुरू होतात.

तिसऱ्या बैठकीतला पेच

तिसऱ्या बैठकीत दुसऱ्या एका नोंदणीकृत कंपनीच्या सदस्याने प्रकरण आणले: “दोन प्लांट एकत्र करताना कामगारांना कसे सांगावे?” पानावर महिना होता, कामगारांची संख्या होती. शेअर बाजाराला यातले काहीच कळवलेले नव्हते. हे लक्षात येईपर्यंत पान सगळ्यांनी वाचलेले.

मुद्दा शिष्टाचारापुरता नव्हता. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग (आतल्या माहितीवर शेअरचे व्यवहार) प्रतिबंधक नियमांनुसार, भावावर परिणाम करू शकणारी अप्रकाशित माहिती ज्याच्या हाती येते तोही ‘इनसायडर’ ठरतो, मग तो त्या कंपनीत असो वा नसो. कामाच्या वैध गरजेशिवाय अशी माहिती देणे चूक आणि मिळवणेही चूक. ही माहिती त्या वर्गात बसते की नाही, हे ठरवणे गटाचे काम नव्हते. बसू शकते एवढे पुरेसे होते.

पर्याय दोन होते. पाने परत द्यायची आणि विषय तिथेच संपवायचा, किंवा कळवायचे. पहिल्यात सदस्याची नोकरी सुरक्षित वाटते, पण उद्या चौकशी झाली तर सात जणांची चूक होते आणि वर ती लपवल्याचा डाग. गटाने दुसरा मार्ग घेतला. बैठक थांबली. छापील पाने त्या सदस्याकडे परत गेली, फोनवर आलेली फाइल सगळ्यांनी काढून टाकली. सदस्याने त्याच दिवशी आपल्या कंपनी सेक्रेटरींना, म्हणजे कंपनीत हे नियम पाळले जातात ना हे बघणाऱ्या अनुपालन अधिकाऱ्यांना, कोणी काय वाचले ते लिहून कळवायचे ठरले. बाकीच्यांपैकी नोंदणीकृत कंपन्यांतल्यांनी आपापल्या अनुपालन अधिकाऱ्यांना कल्पना दिली आणि त्या शेअरमध्ये व्यवहार न करण्याचे लिहून दिले.

त्या सदस्याला लेखी समज मिळाली आणि गटात येण्यास मनाई झाली. माणूस गेला, तोही सर्वांत तयारीने येणारा. गटाचे नियम त्यानंतर कडक झाले: प्रकरण पूर्ण झालेल्या घटनेचे आणि किमान तीन महिने जुनेच; मनुष्यबळाचे आकडे, वेतनकराराच्या वाटाघाटी, ग्राहकांची नावे आणि नवीन मॉडेलच्या तारखा बंद; पान गटाला पाठवण्याआधी स्वतःच्या साहेबांना दाखवायचे. शेवटच्या नियमाने प्रकरणे थोडी बेचव झाली, हे मान्यच करायला हवे. इलाज नव्हता.

कंपनीत काय बदलले

गटातल्या रांजणगावच्या एका सदस्याकडून सुपरवायझरांच्या पानाची कल्पना आली. आठवड्यातून दोनदा, अर्धे पान, मराठी आणि हिंदीत, जास्तीत जास्त तीन मुद्दे, मोठ्याने वाचायला नव्वद सेकंद. खाली एक ओळ: “विचारतील तर काय सांगायचं.” पहिल्या मसुद्यांत सहा-सहा मुद्दे होते, आणि सुपरवायझरांनी त्यातला पहिला वाचून बाकी सोडले. तीनवर आणल्यावर ते वाचू लागले. कोणत्या मुद्द्याला जागा द्यायची, हे मॅनेजर बाई आणि तिन्ही प्लांट हेड सोमवारी पंधरा मिनिटांत ठरवतात. त्या पंधरा मिनिटांनी त्यांना वर्षात जेवढी माहिती दिली तेवढी नऊ वर्षांच्या बैठकांनी दिली नव्हती.

पत्रिका चारऐवजी दोन अंकांवर आली, प्रती १,८००. प्रती घटल्यावर दर वाढतो. छपाई प्रतीला ६८ रुपये पडली, तरी वर्षाचा छपाई खर्च २ लाख ४५ हजारांच्या आत राहिला. सूचना आणि व्यवस्थापनाची मनोगते काढली, माणसांची पाने वाढवली.

उद्दिष्ट लिहिण्याची पद्धतही बदलली. पूर्वीच्या टिपणात “जागरूकता वाढवणे” असे असायचे. आता: “शटडाउनच्या (प्लांट बंद ठेवण्याच्या) तारखा आठवडाभर आधी तिसऱ्या पाळीतल्या ३० पैकी किमान २० जणांना सांगता याव्यात.” याच शिस्तीत लिहिलेला प्रस्ताव एका राष्ट्रीय स्पर्धेत पाठवला. बक्षीस मिळाले नाही. परीक्षकांचा शेरा होता की पानांची संख्या दिली आहे, वागण्यातला बदल पुरेसा दाखवलेला नाही. शेरा रास्त होता.

परिणाम

वार्षिक शटडाउनच्या तारखांबद्दल त्याच पद्धतीने ९० जणांना विचारले तेव्हा ५८ जणांना आधी माहीत होते. ३१ वरून ५८ ही वाढ सगळी सुपरवायझरांच्या पानाची नाही. शटडाउन म्हणजे सुट्ट्या, गावाकडची तिकिटे. त्याची चौकशी माणूस आपणहून करतो, कँटीन कार्डाची करत नाही. हा फरक एमडींपुढच्या सादरीकरणात आकड्याच्या शेजारीच लिहिला होता, आणि त्यांनी उरलेल्या पानांवर प्रश्न विचारले नाहीत.

विभाग एचआरखाली गेलाच. मात्र सोमवारची बैठक आणि एमडींबरोबरचा महिन्याचा अर्धा तास कायम राहिला. मागितलेला सहायक मिळाला नाही. प्रमाणपत्राचा अर्ज आता गेला आहे, आणि विश्लेषणाच्या रकान्यात दाखवायला कागद आहेत.

गटात पाच जण उरले. बैठक दर महिन्याऐवजी दोन महिन्यांनी होते. ओडिया भाषांतरकार, नोटीस बोर्डाचे काचेचे खोके बनवणारा कारागीर, प्रश्नावलीचे तीन नमुने आणि एकाला नवी नोकरी, एवढे त्यातून निघाले.

काय वेगळे करता आले असते

एचआर प्रमुखांना गटाबद्दल आधी सांगायला हवे होते. त्यांना ते बाहेरून कळले, आणि विभागाच्या विलीनीकरणाची चर्चा चालू असताना मॅनेजर दर महिन्याला इतर कंपन्यांतल्या लोकांना भेटते, याचा त्यांनी नोकरीशोध असाच अर्थ लावला. तो गैरसमज काढण्यात दोन महिने गेले. पहिल्या बैठकीआधी एक ईमेल, नियमांच्या पानासह, पुरली असती.

गोपनीयतेचे नियम अपघातानंतर आले. नोंदणीकृत कंपन्यांची माणसे एकत्र बसणार असतील तर अनुपालन अधिकाऱ्याशी अर्धा तास आधी बोलणे हा पायाचा दगड. तो झाला असता तर सातवा सदस्य कदाचित अजून गटात असता.

मोजणीत कंत्राटी कामगार वेगळे काढले नव्हते. ९० जणांत ते किती होते याची नोंद नाही, त्यामुळे ५८ मध्ये त्यांचा वाटा किती हे आता सांगता येत नाही. सुपरवायझरच्या उभ्या बैठकीला कंत्राटी माणसे काही लाइनवर नसतातच. त्यांचा ठेकेदार त्यांना गेटवर वेगळे सांगतो. त्या ठेकेदारांपर्यंत पान अजून पोहोचत नाही.

गट एका व्यक्तीच्या कॅलेंडरवर चालतो, हीही कच्ची बाजू आहे. ग्राहकाच्या ऑडिटमध्ये मॅनेजर बाई अडकल्या त्या दोन महिन्यांत बैठकच झाली नाही. आता निमंत्रक दर सहा महिन्यांनी बदलतो, आणि हॉलचे बुकिंग पुढच्या निमंत्रकाच्या नावावर आधीच केले जाते.